मुंबईत स्वस्त आणि चांगले कपडे घ्यायचे, तर भाव शेवटी विचारा

मुंबईच्या रस्त्यावर कपडे घेताना बहुतेकांचं चुकतं ते घासाघिशीत नाही, क्रमात. आधी बाजार गाठायचा, मग काय आवडतंय ते बघायचं, आवडलं की भाव विचारायचा, भाव पाडून मिळाला की पैसे द्यायचे आणि कापड, शिवण, माप हे सगळं घरी आल्यावर पाहायचं. या उलट्या क्रमामुळे स्वस्तात घेतलेले बरेचसे कपडे एकदोनदा घालून कपाटाच्या तळाशी जातात. जो टॉप खांद्यावर बसतच नाही, तो दीडशेला मिळाला तरी महागच पडला.

नाशिक-पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांना, किंवा कल्याण-विरारकडून एक सुटी काढून येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम दिला आहे. तो मोडू नका.

१. कपाट उघडा, मग यादी करा

निघायच्या दोन दिवस आधी, हल्ली खरोखर वापरात असलेले कपडे पलंगावर काढून ठेवा. कुठला रंग, कुठला गळा, किती लांबी आपण पुन्हा पुन्हा घालतो ते लगेच दिसतं. कुठे अडतं तेही दिसतं. पुष्कळ घरांत कुर्ते भरपूर असतात आणि त्यांखाली घालायला धड पँट एकच असते. अशा वेळी विसावा कुर्ता आणण्यापेक्षा दोन पँट आणल्या तर जुने कुर्ते नव्यासारखे वापरात येतात.

यादीत "काहीतरी छान टॉप" असं लिहू नका. "ऑफिसला चालेल असा फिका कुर्ता, बाही कोपराखालपर्यंत, काळ्या आणि निळ्या पँटवर जाणारा" असं लिहा. घरातल्या किमान तीन कपड्यांबरोबर जाणार नाही तो कपडा यादीत नको. लग्नकार्याचे कपडे तेवढे याला अपवाद.

मॅचिंग हवं असेल तर मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. स्क्रीनवरचा मोरपंखी आणि दुकानातला मोरपंखी यांत फार अंतर असतं. मूळ कपडाच बरोबर घ्या, नाहीतर शिवणीच्या आतलं बोटभर कापड कापून पाकिटात ठेवा.

तपासा: बजेटमधून फिटिंग आणि अल्टरसाठी पैसे आधीच वेगळे काढले का? रस्त्यावरच्या कपड्याची खरी किंमत म्हणजे विक्रेत्याचा भाव अधिक टेलरचे पैसे.

२. माप अंगाचं नको, कपड्याचं घ्या

रस्त्यावर ट्रायल रूम नसते आणि लेबलवरच्या एम-एल-एक्सएलला काही अर्थ नसतो. तिथला माल वेगवेगळ्या कारखान्यांतून, वेगवेगळ्या देशांच्या मापांनी आलेला असतो; पुष्कळदा लेबल कापलेलंच असतं. म्हणून मोजपट्टी हे या खरेदीतलं सगळ्यांत महत्त्वाचं हत्यार.

आपल्याला उत्तम बसणारा एक कुर्ता किंवा टॉप, एक शर्ट आणि एक पँट घ्या. प्रत्येक कपडा सपाट अंथरून, चुण्या न ताणता मोजा:

- टॉप, कुर्ता, शर्ट: एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत, काखेखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मुंढ्याची (बाही जिथे जोडतात त्या भागाची) खोली, दंडाशी बाहीची रुंदी, पूर्ण लांबी. कुर्ता असेल तर जिथे कट सुरू होतो तिथली नितंबांवरची रुंदीही.
- पँट, जीन्स: कंबर, मांडी, आसनाची, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची (पुढून आणि मागून), आतली लांबी, खालचा घोळ.

हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बाजारात कपडा सपाट धरून तीच मापं घ्यायची की झालं, अंगात घालायची गरज उरत नाही.

सगळी मापं सारख्या मोलाची नसतात. कंबर, लांबी, बाही या गोष्टी टेलर सहज कमी करून देतो. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणं म्हणजे कपडा उसवून पुन्हा शिवणं. जीन्सचं आसन तर सुधारतच नाही. तेव्हा खांद्यात आणि आसनात तडजोड नाही. बाकी ठिकाणी इंचभर सैल चालेल.

सावधान: "स्ट्रेच आहे, बसेल" हे वाक्य ऐकलं की पुन्हा मोजा.

३. काय घ्यायचं त्यावरून बाजार ठरवा

एका दिवसात चार बाजार ही सगळ्यांत नेहमीची चूक. दोन पुरेत, तेही एकाच बाजूचे. मुंबईत प्रत्येक बाजाराची स्वतःची जात आहे. चुकीच्या बाजारात बरोबर वस्तू शोधत बसलात तर दुपार जाते.

*कापड तागा उलगडून घ्यायचं असेल तर* मंगलदास मार्केट. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या अगदी जवळ. आत छताखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गादीवर बसलेले दुकानदार, आणि सुती, रेयॉन, शिफॉन, जॉर्जेट, छापील, कट-पीस असं सगळं. ड्रेस मटेरियलही इथे भरपूर. सीएसएमटीहून चालत जाता येतं, भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्टेशनही जवळ पडतं. लेस, बटणं, लटकन, इमिटेशन दागिने हवेत तर तिथूनच भुलेश्वरकडे वळा.

*साड्या, ड्रेस मटेरियल, कुटुंबाची एकत्र खरेदी* यासाठी दादर. पश्चिमेला रानडे रोड आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत तयार कुर्ते, पेटीकोट, ब्लाउज, साड्या. पूर्वेला हिंदमाता म्हणजे कापडाची आणि साड्यांची दुकानंच दुकानं. माटुंगा-किंग्ज सर्कलचं गांधी मार्केटही याच जातीचं. दुकानं असल्यामुळे इथे बिल मिळतं, बसून बघता येतं.

*टॉप, वन पीस, को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे टॉप आणि पँट), चपला, पर्स* हवं तर वांद्र्याचा लिंकिंग रोड आणि हिल रोड. दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ, म्हणून एका फेरीत होतात. हिल रोडवरच्या एल्को आर्केडमध्ये छोटी दुकानं आहेत. तिथे भाव रस्त्यापेक्षा थोडे चढे असतात, पण कुर्ते आणि सणासुदीचे कपडे निवांत बघता येतात.

*शर्ट, टी-शर्ट, जॅकेट, जीन्स* यासाठी महात्मा गांधी रस्त्यावरचं फॅशन स्ट्रीट. चर्चगेट आणि सीएसएमटी, दोन्हीकडून चालत. पुरुषांच्या कपड्यांसाठी मला लिंकिंग रोडपेक्षा हे बरं वाटतं. कुलाबा कॉजवे इथून पुढेच आहे, पण तिथे परदेशी पर्यटक मोठ्या संख्येने येतात आणि सांगितलेले भाव त्यानुसारच असतात. झुमके, बांगड्या, गळ्यातलं यासाठी जा. कपड्यांसाठी खास वाट वाकडी करू नका.

कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात राहणाऱ्यांनी जीन्ससाठी मुंबईत उतरण्याआधी उल्हासनगरचा विचार करावा. जीन्स शिवण्याचा मोठा धंदा तिथे आहे. मात्र अनेक जण डझनावारीच विकतात. दुकानात शिरतानाच "एक नग मिळेल का?" हे विचारून घ्या.

म्हणून जोड्या अशा लावा: मंगलदास आणि भुलेश्वर, हिंदमाता आणि दादर पश्चिम, लिंकिंग रोड आणि हिल रोड, फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा. वांद्रे सकाळी आणि मंगलदास दुपारी, असं करू नका.

४. दिवस, वेळ, पेहराव

मंगलदास रविवारी बंद असतं. दादरची बरीच जुनी दुकानं सोमवारी बंद असतात. रस्त्यावरचे बाजार रोज भरतात, पण शनिवार-रविवारी संध्याकाळी कपडा सपाट धरून मोजण्याइतकीही जागा मिळत नाही. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेअकरा ते चार ही चांगली वेळ. दुकानं उघडलेली असतात, गर्दी नसते, आणि मुख्य म्हणजे सूर्यप्रकाश असतो.

साडेपाचच्या आत परतीची लोकल पकडा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून गाडी सुटते, म्हणून बसायला मिळण्याची आशा असते. दादरला सहानंतर तीन पिशव्या घेऊन चढणं म्हणजे नुसती मारामारी.

पावसाळ्यात हिंदमाता आणि गांधी मार्केट दोन्हीकडे पाणी तुंबतं. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

अंगात घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग किंवा ट्रॅक पँट घाला, म्हणजे जॅकेट, कुर्ता, स्कर्ट वरूनच चढवून बघता येतो. सोबत मोजपट्टी, पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली, दोन कापडी पिशव्या, थोडी सुटी रोख. यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं, पण गर्दीत नेटवर्क दगा देतं. पर्स आडवी, पोटावर.

५. पहिली फेरी रिकाम्या हाताने

बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा तास फक्त चाला. काही घेऊ नका, भाव विचारू नका, कपड्याला हातही लावू नका. जो टॉप "एकच पीस राहिलाय" म्हणून पहिल्या ठेल्यावर दाखवला जातो, तोच पुढच्या सहा ठेल्यांवर टांगलेला दिसेल. जो माल सगळीकडे दिसतो त्यावर घासाघीस करायला वाव असतो. जो एकाच ठिकाणी दिसला, तो ठेला लक्षात ठेवा.

६. कापड: हात, पाणी, ऊन

आता निवडलेल्या दोन-तीन ठेल्यांवर परत या आणि कपडा हातात घ्या. भाव अजून विचारायचा नाही.

मूठभर कापड दहा सेकंद मुठीत आवळून सोडा. सुती आणि रेयॉनवर चुण्या राहतात, पॉलिस्टर झटकन सरळ होतं. चुण्या पडणं हा दोष नाही. मुंबईच्या दमट हवेत अंगाला चिकटणारं, घाम न शोषणारं पॉलिस्टर क्रेप हा खरा त्रास. ठेल्यावर सगळंच "प्युअर कॉटन" असतं, म्हणून कानावर नाही तर हातावर विश्वास ठेवा.

रेयॉनबद्दल थोडं सविस्तर, कारण हल्ली स्वस्त कुर्त्यांत तेच जास्त दिसतं. ते मऊ असतं, छान सुळसुळीत पडतं, रंगही खुलतो. पण ओलं झालं की त्याची ताकद घटते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. म्हणून रेयॉनचा कुर्ता लांबीला दीड-दोन इंच जास्त आणि छातीला सैल असेल तरच घ्या. आज अंगाबरोबर बसणारा रेयॉन कुर्ता पंधरा दिवसांनी आखूड झालेला असेल.

मग रंग. रुमालाचं टोक पाण्याने ओलं करा आणि कपड्याच्या आतल्या बाजूला, खालच्या दुमडीवर दहा वेळा जोराने घासा. गडद निळा, लाल, मरून, काळा या रंगांत हे न चुकता करा. रुमालावर फिकट छटा आली तर पहिली दोन धुणी वेगळी करून भागेल. रुमाल रंगला तर कपडा परत टांगा. विक्रेता कुरकुर करील, करू दे. ज्याला मालाची खात्री आहे तो स्वतःच रुमाल घासून दाखवतो.

शेवटी ऊन. ठेल्यावरच्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात, पांढऱ्यावरचे पिवळट डाग दिसत नाहीत. कपडा घेऊन दोन पावलं बाहेर या आणि उजेडासमोर धरा. विरलेली जागा, सुटलेला धागा, छोटं भोक तिथेच कळेल. फिक्या रंगाच्या पँटमागे हात धरून पाहा. बोटं स्पष्ट दिसली तर अस्तर लावावं लागेल.

सावधान: होजिअरीच्या टी-शर्टवर बारीक गोळे आधीच दिसत असतील तर ते वाढत जाणार. कितीही स्वस्त असला तरी सोडा.

७. शिवण: कपडा उलटा करा

उलटा करून न पाहता कपडा घेणं म्हणजे अर्धाच कपडा पाहणं. आत काय पाहायचं?

दोन्ही बाजूंच्या शिवणींत माया, म्हणजे टिपेबाहेरचं जास्तीचं कापड, किती सोडली आहे ते बघा. अर्धा इंच किंवा जास्त असेल तर पुढे सैल करता येईल. नुसतं इंटरलॉक (कडेला दोऱ्याची गुंडाळी) करून काठोकाठ शिवलं असेल तर तो कपडा कधीच मोठा होणार नाही. काखेची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टिपेमधून उजेड दिसला तर धागा सैल आहे, तिथेच पहिल्यांदा उसवेल. चेन तीन वेळा वर-खाली करा. बटण काजात घालून काढा.

मग कपडा उभा मधोमध दुमडा आणि दोन बाजू एकमेकींवर ठेवा. एक्स्पोर्टच्या नाकारलेल्या मालातले दोष इथे सापडतात. एक बाही दुसरीपेक्षा आखूड, खिसे वरखाली, गळा एका बाजूला ओढलेला. टी-शर्टची बाजूची शिवण खाली येता येता पोटाकडे वळली असेल, तर धुतल्यावर तो आणखी पिळणार.

यानंतर मोजपट्टी काढा आणि दुसऱ्या पायरीतले आकडे पडताळा. खांदा, छाती, मुंढा. पँट असेल तर आसन.

तपासा: कापड, रंग, शिवण, माप या चारही गोष्टी पटल्या? तरच पुढची पायरी. एक जरी खटकली तरी भाव विचारूच नका. भाव ऐकला की मन डळमळतं, आणि "एवढ्यात मिळतंय तर घेऊ" इथूनच चुकीची खरेदी सुरू होते.

८. आता भाव

विचारण्याआधी आपला आकडा ठरवा. असाच कपडा मॉलच्या सेलमध्ये किंवा ऑनलाइन कितीला मिळाला असता? तिथे घालून पाहता येतं, परत करता येतं, बिल मिळतं. रस्त्यावर यातलं काहीच नाही. म्हणून रस्त्यावरची किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास असावी, असा माझा हिशेब. यातून येणारा आकडा ही तुमची कमाल मर्यादा.

समजा, तुमचा आकडा साडेतीनशे आहे आणि विक्रेता साडेसहाशे म्हणाला. लगेच दीडशे म्हणू नका, तो अपमान होतो आणि बोलणंच संपतं. अडीचशेपासून सुरू करा, कारण देऊन:

"भैया, बाजू की सिलाई में एक जगह धागा छूटा है, टेलर को देना पड़ेगा. ढाई सौ."

"मॅडम, ढाई सौ में तो खरीदी भी नहीं है. पाँच सौ दे दो."

"दो पीस लूँगी. दोनों का सात सौ."

इथे थांबा. गप्प राहा. पुष्कळदा सौदा इथेच जुळतो. नाही जुळला तर "ठीक आहे, येते" म्हणून सावकाश निघा. मागून हाक आली तर उत्तम, नाही आली तर पहिल्या फेरीत पाहून ठेवलेला दुसरा ठेला आहेच.

दोन गोष्टी पाळा. आपण म्हटलेल्या आकड्याला विक्रेता हो म्हणाला, तर कपडा घ्यायचाच. मग मागे फिरणं चांगलं नाही. आणि सकाळी बोहनीच्या वेळी भाव सुरू केलात तर शक्यतो काहीतरी घेऊनच निघा. शेवटच्या दहा-वीस रुपयांसाठी ताणू नका. उन्हात दिवसभर उभं राहून त्यालाही घर चालवायचं असतं.

पैसे देताना क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव विक्रेत्याला वाचून दाखवा आणि मगच रक्कम टाका. पिशवीत कोणता नग जातोय तो डोळ्यांसमोर जाऊ द्या. तुम्ही तपासलेलाच घ्या, "आतून नवा काढून देतो" असं म्हटलं तर तो नवाही पहिल्यापासून तपासा.

दुकानातून घेत असाल तर बिल मागा. २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग नगावर १८ टक्के. बिलावर तेवढाच लागलाय ना, ते बघा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढी, नसेल तर ३० दिवस. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दिसली तरी दोषाच्या बाबतीत हा हक्क राहतो. मात्र रंग आवडला नाही, विचार बदलला, हे त्यात बसत नाही.

९. तयार घेण्यापेक्षा शिवून घ्यायचं असेल तर

मंगलदासमधून कापड घेऊन शिवणं हा स्वस्तात उठून दिसण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे, कारण खांदा आणि मुंढा अंगाबरोबर येतो. पण इथेही क्रम उलटा होतो. लोक आधी कापड घेतात आणि मग टेलरला विचारतात.

आधी टेलरकडे जा, डिझाइन दाखवा आणि ४४ इंच पन्ह्यात (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) किती लागेल, ५८ इंच पन्ह्यात किती लागेल, दोन्ही लिहून घ्या. गुडघ्यापर्यंतच्या सरळ कुर्त्याला ४४ इंच पन्ह्यात साधारण अडीच मीटर लागतं. घेर, उंची, लांब बाही यांप्रमाणे वाढतं. दुकानात मीटरचा भाव ऐकण्याआधी पन्हा विचारा. अरुंद पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त वाटतं आणि शेवटी जास्त पडतं. पारंपरिक खणाचं कापड याचं नेमकं उदाहरण. त्याचा पन्हा लहान असतो.

सुती आणि रेयॉन कापड टेलरकडे टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे काय आटायचं ते शिवण्याआधी आटेल. त्यासाठी पाव मीटर जास्त घ्या.

कापड शुद्ध सुती आहे का याची शंका असेल, तर घरी मोरीत, चिमट्यात दोन धागे धरून जाळा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी उरतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. दुकानात हे स्वतःहून करू नका. दुकानदारालाच धागा जाळून दाखवायला सांगा.

१०. घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी पिशव्या उघडा. अंगात घालून आरशासमोर उभे राहा, हात वर करा, खाली बसा. काय कमी करायचं ते टाचण्या लावून ठेवा.

सुती आणि रेयॉनचे कपडे आधी धुवायचे, मग टेलरला द्यायचे. आधी फिटिंग केलं आणि मग कपडा आटला, तर टेलरचे पैसे गेले आणि कपडाही गेला. पहिलं धुणं गार पाण्यात, एकट्याने, कपडा उलटा करून. रेयॉन पिळायचं नाही, हाताने दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळत टाकायचं.

टेलरकडे देताना एवढं सांगा: काखेची आणि बाजूची शिवण दुहेरी टीप मारून पक्की करा, बाही आणि लांबी टाचणीपर्यंत. स्वस्त कुर्त्याची चकाकती प्लॅस्टिकची बटणं काढून भुलेश्वरहून किंवा दादरहून आणलेली लाकडी किंवा धातूची लावून घ्या. काढलेलं उरलंसुरलं कापड टेलरकडून परत मागून घ्या. पुढच्या खरेदीत मॅचिंगला तेच लागतं.